दक्षिणेकडे तोंड

सेनगावला एसटीतून उतरलो तेव्हा अंगात स्वेटर आणि खिशात होकायंत्र होतं. सतरा वर्षं साताऱ्यात साड्यांच्या दुकानात गादीवर काढली आणि चाळिशी ओलांडल्यावर सौरपंप बसवायचं काम धरलं. साहेबांनी बजावलं होतं, "पहिला पंप शेतकऱ्याच्या सहीनिशी चालू करा, मग नोकरी पक्की." दुकान मेव्हण्याचं; त्याने तर गादीवरची माझी जागा राखूनच ठेवली होती.

पुढे जीप. दोन्हीकडे शेंगांनी वाकलेली तूर. चालकाने गावच्या मारुतीपाशी उतरवलं. "पाया पडून जा, काम बराबर होतंय," तो म्हणाला. मी पडलो. गरजू माणूस सगळ्यांच्याच पडतो.

शेत गयाबाईंचं. वय सत्तर, आवाज खणखणीत. सातबारा त्यांच्या नावावर, म्हणून सहीही त्यांचीच. खड्डे आखताना मी सांगितलं, प्लेटांचं तोंड दक्षिणेला येईल. बाई जागीच थांबल्या.

"दक्षिणेला काहून? ती यमाची दिशा. आमी तिकडं तोंड करून दिवा बी ठिवत न्हाई. उगवतीकडं करा."

"दुपारनंतर पाणी कमी पडेल, मावशी."

"पडू द्या. न्हाई तर मी सही करत न्हाई."

"माय म्हणल तेच," त्यांचा मुलगा ज्ञानोबा म्हणाला आणि सुटला. मी ऊन, कोन, हिवाळ्यातला कललेला सूर्य, सगळं उलगडून दाखवलं. पण गिऱ्हाइकाने एकदा नकाराची मान हलवली की शंभर साड्या उलगडूनही उपयोग नसतो. मला गादी दिसू लागली.

जेवायला मात्र आग्रह झाला. भाकरी, ठेचा आणि सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) आमटी. ठेच्याने माझे डोळे वाहू लागले.

"पंपाच्या आधी तुमालाच पाणी येऊन राहिलं," म्हणत गयाबाईंनी दही वाढलं.

तिघं परत शेताकडे निघालो. वाटेत मारुतीपुढे हात जोडले, तेव्हा हातातल्या होकायंत्राकडे लक्ष गेलं. माझं तोंड थेट उत्तरेला होतं.

"मावशी, तुमचा मारुती कुणीकडं बघतो?"

"दक्षिणेला," त्या सहज बोलून गेल्या आणि मूर्तीकडे बघू लागल्या. मग पदर तोंडाला लावून हसल्या. "व्हय की. यमाकडं बघायला त्योच लागतो. बघू द्या तुमच्या प्लेटांला बी."

आठवड्याने पायाचं काँक्रीट घट्ट झालं, प्लेटा चढल्या. बटण दाबणार, इतक्यात गयाबाई शेंदराची वाटी घेऊन प्लेटांकडे निघाल्या. दक्षिणमुखी म्हटल्यावर शेंदूर हवाच. मी आडवा धावलो.

"काचेला नको मावशी, पाण्याला तकलीफ होईल."

शेवटी खांबाला शेंदूर लागला, नारळ फुटला आणि पाइपातून धो धो पाणी आलं. गयाबाईंनी आधी पाण्यात हात भिजवले, मग ते पदराला पुसून सही केली. मला इतका आनंद झाला की मीच पुन्हा खांबाच्या पाया पडलो.

मी पाठवलेला फोटो पाहून साहेबांचा फोन आला, "नव्या खांबाला गंज कसा?"

"शेंदूर आहे, साहेब."

"सही झाली ना? मग राहू दे."

घरी पोचल्यावर मेव्हण्याला निरोप दिला, जागा दुसऱ्याला दे. दुकानात गिऱ्हाईक साडीचा खरा रंग बघायला ती बाहेर उन्हात न्यायचं आणि मी आत ट्यूबलाइटखाली वाट बघत बसायचो. सतरा वर्षं बसलो. आता मीही बाहेर आलोय.