एका माणसाचं मशीन

नगरच्या एमआयडीसीत बेअरिंगच्या रिंगा घासायच्या आमच्या विभागात आम्ही नऊ जण होतो. त्यातलेच एक माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना मीच पारनेरहून आणून तिथं चिकटवलं होतं. नवीन मशीन येणार म्हणून कंपनीनं मला एकट्याला शिकायला लिक्टेनश्टाइनला पाठवलं. भिंगारच्या आमच्या गल्लीत त्या देशाचं नाव कुणाला धड उच्चारता येईना.

पारनेर तालुक्याच्या एका कोपऱ्यात मावेल एवढा तो देश. राजाचा टेकडीवरचा वाडा, बँका, द्राक्षाचे मळे आणि जवळच जगभर माल पाठवणारे कारखाने. मी राहायला शेजारच्या ऑस्ट्रियात होतो. सकाळी कामगारांनी भरलेल्या बसनं हद्द ओलांडायची. मला शिकवणारी पिकल्या केसांची बाईही त्याच बसला असायची. तिनं सांगितलं, तिथले निम्म्याहून जास्त कामगार असेच बाहेरून येतात आणि संध्याकाळी परत जातात. तिची सगळी नोकरी त्या देशात झाली, पण तिथं राहायची परवानगी काही मिळाली नव्हती.

पहिल्या दिवशी तिनं मशीन चालू केलं. एक लोखंडी हात रिंग उचलायचा, घासायला लावायचा, मोजून खोक्यात ठेवायचा. बाकीची माणसं कुठं आहेत, असं मी विचारलं. तिला प्रश्नच कळेना. मग म्हणाली, एक जण पुरतो. इथं माणसं मिळत नाहीत, म्हणून तर हे बनवलं.

 माणसं मिळत नाहीत म्हणून बनवलेलं मशीन आमच्या नगरला निघालं होतं.

त्यानंतर दाजींचा फोन आला की मी तो बराच वेळ वाजू द्यायचो, मग उचलायचो. थंडी किती आहे, जेवायला काय मिळतं, असं ते विचारायचे. एकदा म्हणाले, "मशीन लई अवघड हाय का रं? आमाला जमंल का?"

"जमेल की," म्हणालो आणि रेंज नाही असं सांगून फोन ठेवला. 

शेवटच्या आठवड्यात नगरहून विचारणा झाली, मशीनला किती माणसं लागतील ते कळव. दोन शिफ्टला दोन पुरली असती. मी तीन लिहिलं.  तिसरा माणूस कोण, हे ठरवणं माझ्या हातात नव्हतं.

परत आल्यावर दोन दिवस मी दाजींना चुकवलं. तिसऱ्या दिवशी तेच घरी आले. चहा होईपर्यंत मी इकडचं तिकडचं बोलत राहिलो. मग सांगून टाकलं, "दाजी, दुसरीकडं काम बघा."

त्यांनी कप खाली ठेवला. "तुला तितंच कळलं हुतं?"

"हो."

 मग त्यांनी विचारलं, "तुजं तरी ऱ्हाईल ना?"

मी कप उचलून आत नेले.

मशीन आलं. नऊ जणांतले आम्ही तिघं राहिलो. दाजी त्यांत नव्हते. ते आता सुप्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला जातात. पगार कमी आहे. बहीण माझ्याशी बोलते, पण कामाचा विषय निघाला की उठून आत जाते.

मागच्या महिन्यात साहेब म्हणाले, अजून एक मशीन यायचंय, याच्यापेक्षा पुढचं. त्याला किती माणसं लागतात, ते विचारायचा धीर मला झाला नाही. आता केबिनमध्ये बोलावणं आलं, की मला दाजींचा तो प्रश्न आठवतो.