मयूचा डोळा, मशीनकाका आणि मी

"हे गांधीलमाशी चावल्याचं नाही, आजोबा. डोळ्याच्या मागे गाठ आहे आणि ती कॅन्सरची आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझी नात मयू तेव्हा माझ्या मांडीवर बसून त्यांच्या टेबलावरची घंटी वाजवत होती. बाईंनी तिला वाजवू दिली. तेव्हाच मला कळलं की गोष्ट मोठी आहे.

मयूला पाचवं वर्ष लागलं होतं. मखमलाबादला आमचा गुलाबाचा आणि झेंडूचा मळा. पापणी सुजली तेव्हा मला माशीच वाटली. हळद लावली. सूज उतरली नाही, उलट डोळा पुढं यायला लागला. मग स्कॅन झाला. मग बायोप्सी, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासतात ती.

रोगाचं नाव रॅब्डोमायोसार्कोमा. मला ते आजही एका दमात म्हणता येत नाही. स्नायूच्या पेशींचा कॅन्सर, लेकरांना होतो. बाई म्हणाल्या, डोळा न काढता बरी होऊ शकते. आधी केमोथेरपी, म्हणजे सलाईनमधून औषधं. मग रेडिएशन, म्हणजे किरणांचा शेक. आपल्याकडं त्याला लाईट देणं म्हणतात.

माझा मुलगा ओझरच्या विमान कारखान्यात, पाळीची नोकरी. सून दुसऱ्यांदा गरोदर, तिला त्या मशीनच्या वाऱ्याला उभं राहू नका म्हणाले. राहिलो मी. तसंही मयू माझ्याच कुशीत झोपायची, माझ्याच ताटात जेवायची.

हे लिहितोय ते ज्यांच्या लेकराला शेक द्यायचा ठरलाय त्यांच्यासाठी. माझं शिक्षण दुसरीपर्यंत. चुका निघाल्या तर निघू द्या, खोटं काही निघणार नाही.

केमोने मयूचे केस गेले, अंगावरचं मांस गेलं. शेकाची वेळ आली तेव्हा बाईंनी मला बसवून सांगितलं, "शेक देताना ती जरासुद्धा हलता कामा नये. एवढी लहान मुलं हलतातच, म्हणून त्यांना रोज भूल देतो. रोज सकाळी उपाशी, रोज सुई. हिची तब्येत बघता ते टळलं तर बरं. पण हलली, तर मी धोका घेणार नाही."

आठवड्यातून पाच दिवस, दीड महिना. एवढ्या दिवसांची भूल त्या काटकुळ्या पोरीला सोसेल का, एवढाच घोर माझ्या जिवाला लागला.

तेव्हा तो आला. तिशीचा, बारीक अंगाचा, खिशाला पेनं लावलेला. मी त्याला कंपाउंडर समजलो. तो म्हणाला, मी मेडिकल फिजिसिस्ट. आता याचा अर्थ सांगतो, कारण मलाही कोणी आधी सांगितला नव्हता. शेक किती द्यायचा हे डॉक्टर ठरवतात. तो कोणत्या बाजूने, किती वेळ, कसा द्यायचा म्हणजे गाठ जळेल आणि शेजारचा मेंदू आणि दुसरा डोळा वाचेल, हे गणित याचं. मशीनमधून किरण बरोबर निघतात की नाही तेही पहिला पेशंट यायच्या आत हाच मोजतो.

"म्हणजे तुम्ही डॉक्टर नाय?" मी विचारलं.

"नाही, आजोबा."

"मग पोरीला हात कशाला लावता?"

तो हसला. तिथंच तो माझ्या मनातून उतरला.

डोकं हलू नये म्हणून तोंडावर मास्क बसवतात. जाळीचं प्लास्टिक असतं, कोमट पाण्यात टाकलं की मऊ पडतं, तोंडावर दाबलं की त्याच आकाराचं घट्ट होतं. मयू ते बघून किंचाळायला लागली. त्याने आधी एक तुकडा स्वतःच्याच तोंडावर थापला, आणि प्लास्टिकच्या आतून म्हशीसारखा हंबरला.

मयू हसली. केमो सुरू झाल्यापासून मी त्या पोरीपुढं माकडं केली, कोंबडा झालो, धोतर डोक्यावर घेतलं, ती हसली नव्हती. हा एकदा हंबरला आणि ही खिदळली. मला बरं वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं.

मग तो तिचा मशीनकाका झाला. किरण अडवायला तो शिशाचे ठोकळे ओतून घ्यायचा, तिच्या डोळ्याच्या मापाचे. एक ठोकळा त्याने तिला उचलून बघायला दिला. तिला उचलेना, तर असले ठोकळे उचलणाऱ्या काकाच्याच ताकदीचं तिला कौतुक वाटलं. शेक घेताना तिने डोळा उघडा ठेवून एकाच जागी बघायचं होतं. तिथं काय चिकटवू, त्याने विचारलं. मला वाटलं, आपला मोत्या कुत्रा सांगेल, नाहीतर गुलाब. म्हणाली, म्हैस. त्याने काढली आणि छताला चिकटवली.

"ही म्हैस व्हय?" मी म्हणालो. "हिला बाजारात नेली तर डुकराच्या ओळीत उभी करतील."

"आजोबा, मला चित्रकलेत कायम लाल रेघ," तो म्हणाला.

मयू मलाच रागावली. "तात्या, काकाला बोलायचं नाय!"

रोज सकाळी ती माझ्या मळ्यातलं एक फूल मागायची. मी काटे काढून द्यायचो, आणि ते जायचं त्याच्या खिशात. एक दिवस मी मुद्दाम उतरलेलं फूल आणलं. तिने ते उलटंसुलटं बघितलं आणि माझ्या हातात दिलं. "हे तुम्हाला ठेवा. काकाला चांगलं आणा."

आता दाराबद्दल सांगतो. शेकाच्या खोलीचं दार जाडजूड असतं. पोर आत टेबलावर, बाकी सगळे बाहेर. वर लाल दिवा लागतो. बाहेर टीव्हीवर आतलं दिसतं आणि माईकवरून आत बोलता येतं. तो माईकवर बोलायचा, "मयूताई, म्हैस काय करते बघ. रवंथ करते का?" पोर काठीसारखी निजून राहायची. भूल नाही, सुई नाही, रडणं नाही. त्याच्या आवाजावर माझी नात निजते आणि मी बाहेर बाकावर. घरी भरवायचं मी, ओकारी काढायची मी, आणि शहाणपण त्याच्यापुढं.

दीड महिना अर्धा सरला आणि एक दिवस तो नव्हता. किरण मोजायचं यंत्र तपासून आणायला मुंबईला गेला होता. मशीन चालवणाऱ्या बाई होत्या. मयूने ओठ काढला, तरी मास्क घालू दिला. दार लागलं. टीव्हीवर तिची बोटं चुळबुळायला लागली.

बाई म्हणाल्या, "मशीन सुरू करायच्या आधी आजोबा, तुम्ही बोला बरं. तुमचं ऐकेल."

माझं नाय ऐकणार तर कोणाचं ऐकेल? मी माईकजवळ गेलो. "मयू, मी हाय इथं. तात्या हाय."

तिने आवाज ऐकला आणि अंग असं उसळलं की टेबल हललं. दोन्ही हात वर आले, मास्क ओढायला लागली. "तात्या, मला घ्या! तात्या, घ्या ना!" बाई धावत आत गेल्या. मास्क काढला तेव्हा कपाळावर जाळीचे वळ होते. ती माझ्या गळ्याला अशी बिलगली की परत टेबलाकडं बघेना.

त्या दिवशी शेक झाला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उद्या एकदा बघू. नाहीतर परवापासून भूल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. त्याला सगळं कळलेलं होतं. मला वाटलं, आता हा मला शहाणपण शिकवणार. तो माझ्याशेजारी बाकावर बसला.

"आजोबा, माझ्यापाशी रडून तिला काय मिळणार आहे? मी काही तिला उचलून घेत नाही. तुमचा आवाज आला की तिला वाटतं, सुटले. म्हणून ती उठते."

मी उपरण्याने तोंड पुसलं.

"आज ती रडली तरी तुम्ही आवाज काढायचा नाही. जमेल?"

माझ्यासारख्या माणसाला गप्प बस म्हणायची हिंमत घरात कोणाची नव्हती. ती माझ्यासाठी उठते हे ऐकून बरं वाटलं आणि रागही आला, कारण माझी नात माझ्यावर किती जीव टाकते हेसुद्धा यानेच मला सांगायचं!

मयू आत गेली. दार लागायच्या आत तिने हाक मारली, "तात्या?" मी उपरणं तोंडात कोंबलं. परत हाक आली. मग माईकवर तो म्हणाला, "तात्या बाहेर बसलेत, मयूताई. म्हशीला चारा घालू, मग जाऊ त्यांच्याकडं." टीव्हीवर बघितलं. हात खाली गेले. लाल दिवा लागला आणि माझी पोर त्या मोठ्या मशीनखाली दगडासारखी पडून राहिली.

पुढचे सगळे शेक असेच झाले. एकदाही भूल लागली नाही. गाठ विरघळली.

या शेकाची किंमत नंतर दिसते, तीही सांगतो. त्या डोळ्यात पुढं मोतीबिंदू झाला, तो काढला. त्या बाजूचं हाड कमी वाढलं, म्हणून डोळा थोडा लहान दिसतो. मयू केस पुढं घेऊन झाकते. पण दिसतं तिला, आणि गाठ परत आली नाही.

गेल्या तपासणीला ती नववीत होती. दवाखान्याच्या जिन्यावर तो भेटला. केस पिकलेले. मी ओळखलं, त्यानेही मला ओळखलं. मयू म्हणाली, "नमस्कार सर," आणि बाजूला होऊन वाट दिली. तिला तो आठवतच नव्हता.

इतकी वर्षं मला हेच पाहिजे होतं, आणि झालं तेव्हा माझं डोकं फिरलं. "अगं पाया पड! तुझा मशीनकाका तो!" ती गडबडून वाकायला लागली, तर त्याने तिचे खांदे धरले. "राहू दे आजोबा. विसरली हे बरं झालं."

घरी जाताना रिक्षात मी तिला सगळं सांगितलं. मास्क, ठोकळे, माईक, सगळं. त्याची हुशारी सांगताना मीच थांबेना. ती बाहेर तोंड करून ऐकत होती.

मग म्हणाली, "तात्या, तुम्ही दोघं बाहेर होतात ना?"

"व्हय. आत कोणाला जाऊ देत नाहीत."

"मग आत एकटी पडून कोण राहिलं? तुम्ही, का ते?"

चार-पाच वर्षांचं लेकरू, आणि आम्ही दोन बापे बाहेर बसून ते कोणाचं ऐकतं याचा हिशोब करत होतो.

तुमचं लेकरू त्या दारातून आत जाईल. डॉक्टरांचे उपकार माना, मोजणाऱ्याचे माना, मी मानतो. पण दार उघडलं की आधी त्या लेकराला सांगा, की हे तू केलंस. मला सांगायला दहा वर्षं लागली. रिक्षात सांगितलं. तिने केस मागं घेतले आणि म्हणाली, "तात्या, तुम्हाला आता कळलं होय!"