मोटारसायकलीला कासरा नसतो

वडनेरच्या एका पोळ्यात मानाचं तोरण मी तोडलं. मी बैल नाही. हिंगणघाटच्या शाळेत मास्तर आहे. (यात फारसा फरक नाही असं आमच्या मुख्याध्यापकांचं मत आहे, पण ते सोडा.)

शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे मला गाडी शिकायची गरजच पडली नव्हती. बाकी सगळीकडे बायकोच्या, म्हणजे सुनंदाच्या, स्कुटीमागं मांडीवर पिशव्या घेऊन बसायचं! आयुष्यात मी स्वतः हाकलेलं वाहन एकच, लहानपणी बाबांची बैलबंडी. ती मात्र अशी हाकायचो की समोरून येणारी एसटी आधी शेतात उतरायची आणि मग हॉर्न द्यायची!

वडनेर हे सुनंदाचं माहेर. तिथं गजू नावाचा एक प्राणी राहतो. तो माझा साळा. गेल्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही दारात उतरलो तर हा भरल्या ओसरीत म्हणतो, "भाऊजी, ताईच्या मागं एका अंगानं बसता का दोन्हीकडं पाय टाकून?"

ओसरी हसली. सासूबाई पदरात हसल्या. सुनंदाही हसली, आणि तेच मला लागलं.

"गजू," मी गरजलो, "येत्या पोळ्याला तुह्या ताईला मोटारसायकलवर मागं बसवून थेट तुह्या दारात आणतो! गाडीवरून पाय खाली टेकणार नाही! नाई आणलं, तर जन्मभर तिच्याच मागं बसीन!"

"ऐकलं ना बाप्पा सगळ्यायनं?" गजूनं ओसरीला विचारलं. ओसरीनं ऐकलं होतं.

गाडी निवडायला सासरे आले. मामाजींनी उभ्या जन्मात बैलबाजारात कधी धोका खाल्ला नाही. शोरूममध्ये शिरल्या शिरल्या त्यांनी एका भल्यामोठ्या लाल गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, सीटवर थाप मारली, टाकीखाली हात घालून काहीतरी चाचपलं (बैलाच्या अंगावर केसांचा असतो तो भोवरा शोधत होते म्हणे) आणि मान हलवली.

"मारकुटं दिसते हे. डोळे पाहा ना कसे वटारून राह्यलं!"

"काका, तो हेडलाइट आहे," सेल्समन म्हणाला.

"तेच म्हणतो मी. खाते किती?"

"अं... मायलेज का काका?"

"खोड काय आहे याची? उतारावर बसते का?"

सेल्समन भला माणूस. त्यानं मला एका बुटक्या काळ्या गाडीवर बसवलं. "सर, नवीन माणसानं अशीच घ्यावी. वजनाला हलकी, दोन्ही पाय पूर्ण टेकतात. आणि हेल्मेट आधी घ्या, गाडी मागून."

मामाजींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "गरीब आहे बिचारी. हेच घ्या, जवाई."

शिकवायला सुनंदा. जागा शाळेमागचं मैदान. पहिल्या दिवशी समोरून एक शेळी आली आणि माझ्या आत खोलवर झोपलेला बंडीवाला जागा झाला! "होऽ हो! होऽ!" असं ओरडत मी दोन्ही हात छातीकडे ओढले. बैल कासरा ओढला की थांबतो. मोटारसायकलची उजवी मूठ मागं ओढली की ती पळते! मी थांबवायला जितकं ओढायचो तितकी ती पळायची, आणि ती पळायची म्हणून मी आणखी ओढायचो. शेळी वाचली. शाळेचा गोलपोस्ट वाकला.

"अहो, ब्रेक कोणी दाबायचा? मी का?"

"मी थांबच म्हणत होतो तिला!"

"तिले कान आहेत का जी?"

त्यानंतर सुनंदानं मला घोकून घोकून शिकवलं. मूठ सोडायची, पाय दाबायचा. आरशात पाहायचं, डाव्या अंगानं जायचं, ट्रकच्या शेपटाला लागायचं नाही. लायसन्सही मी रीतसर परीक्षा देऊन काढलं. परीक्षेच्या मैदानात आडवं कोणी आलंच नाही, त्यामुळे माझ्या हातातला कासरा साहेबांना दिसला नाही.

आणि पोळा आला! दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, मागं सुनंदा, आणि आम्ही हैदराबादच्या हायवेला लागलो. मी इतक्या सुरक्षित वेगानं चाललो होतो की गाडीच्या सावलीत बसायला कुत्री येत होती. एक म्हातारबा सायकलवर गवताचा भारा घेऊन आमच्या पुढं गेले आणि वळून म्हणाले, "पंचर झाली का मास्तर?"

"डाव्या अंगानं घ्या, मागून ट्रक येऊन राह्यला," सुनंदा सांगायची. मी घ्यायचो. ट्रक भुर्रकन जायचा, आणि मी त्याला मागून मान लववून रामराम करायचो. पण पोहोचलो! वडनेरचा फाटा आला, गाव आलं, आणि पाय अजून टेकला नव्हता!

सासऱ्यांच्या घराची वाट पोळ्याच्या मैदानातूनच जाते. दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, त्याच्या अलीकडं रंगवलेल्या शिंगांच्या, झुली पांघरलेल्या बैलांची रांग. सगळ्यात पुढं पाटलांची मानाची जोडी. ती तोरण तोडणार, मग पोळा फुटणार, म्हणजे बाकीचे बैल सुटणार. डफडी वाजत होती. गाडी हळू झाली तशी सुनंदा टुणकन उतरली.

"अहो, इथून बंद करून ढकलत आणा."

"पाय टेकवून?"

"इतक्या गर्दीत कोणी गाडी चालवते का?"

शहाण्या माणसानं ऐकलं असतं. पण तेवढ्यात तोरणाच्या पलीकडे गजू दिसला. हाताची घडी घालून उभा, आणि माझ्या पायाकडं बघत! मी बैलांच्या कडेकडेनं, मुंगीच्या पावलानं निघालो. आता गजू दहा-पंधरा हातांवर राहिला. जिंकलोच! आणि एक गोऱ्हा रांगेतून बाहेर येऊन माझ्यापुढं आडवा उभा राहिला.

"होऽ हो! होऽऽ!"

हात छातीकडे! त्या क्षणी अख्ख्या रांगेतले बैल जागच्या जागी थिजले. शिकलेली जनावरं ती! गोऱ्हासुद्धा एक पाऊल मागं सरला. ऐकलं नाही फक्त एकानं, ज्याला मामाजी गरीब म्हणाले होते. गाडी डरकाळी फोडून उधळली, तोरण माझ्या हेल्मेटला अडकून काडकन तुटलं, गजूनं गटारात उडी मारली आणि मी आम्रपर्णांसह पाटलांच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात शिरलो!

डफडी थांबली. कुटारातून मी डोकं वर काढलं. खरचटलं कुठंच नव्हतं, पण समोर पाटील उभे. मानाच्या तोरणापायी आमच्याकडं गावं दोन-दोन पिढ्या बोलत नाहीत!

"तोरण कोनं तोडलं?" पाटलांनी विचारलं.

मामाजी पुढं झाले. "माह्या जवायानं." थांबून म्हणाले, "जनावर मी निवडलं होतं."

पाटलांनी माझ्याकडं बघितलं. गळ्यात आंब्याची पानं, नाकात कुटार. मग ते बराच वेळ मिशीत काहीतरी दाबत राहिले, आणि शेवटी ते फुटलंच! हसता हसता म्हणाले, "रीत म्हंजे रीत. जो तोडते, त्याले मान. पूजा करा रे याची!"

झाली! हेल्मेटला बेगड चिकटवलं. सासूबाईंनी माझे पाय धुऊन मला पुरणपोळी भरवली, बैलांना देतात तशी, अख्खी. कोणीतरी तिथल्या तिथं झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, रचली:

"बैल आले झुली घालून,
मास्तर आले हेल्मेट घालून,
तोरण नेलं कुटारात पळवून,
हर बोला हर हर महादेव!"

आणि गजूनं (गटारातून निघून, अंघोळ करून) गाडीच्या हँडलला खरोखरचा कासरा बांधला, मला वर बसवलं, आणि बैल घरोघर फिरवतात तसं गावभर फिरवलं!

"गजू," मी हळूच म्हटलं, "पाय टेकला नाही हं माझा."

"हाव जी भाऊजी. डोकं टेकलं."

पंच म्हणून ओसरी बसली. निकाल माझ्या विरुद्ध गेला: बायको मैदानातच उतरली, आणि गाडी दाराऐवजी कुटारात पोहोचली. सुनंदाचं मतही तिकडंच.

तुम्हाला ठाऊकच आहे, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात आणि त्यांना जेवायचं आमंत्रण देतात. यंदा त्या दिवशी फोन वाजला. गजू होता. "भाऊजी, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

गेलो. स्कुटीच्या मागच्या सीटवर, बेगड लावलेलं हेल्मेट घालून. फाट्याजवळ एक ट्रॅक्टर एकदम आडवा आला. "होऽ हो!" म्हणून मी सुनंदाच्या पाठीवरच्या बॅगचे दोन्ही पट्टे छातीकडे ओढले.

आणि काय सांगू, गाडी जागच्या जागी थांबली!

"अहो, गळा दाबता का माह्या?"

म्हणजे दोष माझ्या कासऱ्यात कधीच नव्हता. गाडीच चुकीची निवडली होती.