क्रोटनला राम राम

लढाईच्या दिवसांत कापड रेशनवर होतं आणि भिवपुरीची थंडी मात्र मोकाट सुटलेली. घाटावरून असा वारा उतरायचा की कोंबडा आज आरवला तर आवाज वाटेतच गोठून उद्या ऐकू यायचा.

अशाच एका पहाटे वीजघरात कामावर निघालो, तर साहेबाच्या बंगल्याच्या कुंपणाशी फेटा बांधून, घोंगडी पांघरून कोणी म्हातारा उभा. मी खणखणीत "राम राम, पाटील" घातला. उत्तर नाही. रागावून जवळ गेलो, तर फेट्याखालून लाल-पिवळी पानं डोकावली. पाटील कसला, बागेतलं शोभेचं झाड, क्रोटन!

खरा म्हातारा, बंगल्याचा माळी, शेकोटीशी लंगोटीवर कुडकुडत होता. शेजारी बायको पदर आवळून बसलेली.

"माज्या लुगड्याला हात लावाल तर बगा!"

"अगं, धाकला अजून उघडा हाय. मागल्या थंडीत समदी पानं गळून पार बोडका झालता गं."

"आनि तुमी गारठलात म्हंजे?"

"मी दात वाजवून सांगन. त्याला दात कुठं हायत?"

मी गळ्यातला मफलर काढून म्हाताऱ्याच्या गळ्यात गुंडाळला. "हा तुम्हाला हं, झाडाला नाही." त्याने अगदी शहाण्यासारखी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मफलर धाकट्या क्रोटनच्या अंगावर, आणि म्हातारा माझी नजर चुकवत शेकोटीशी उघडाच. त्या हिवाळ्यात धाकट्याचं एक पान गळलं नाही. सर्दी मला झाली. तरी जाता-येता मी त्याला राम राम करायचो. माझाच मफलर घालून उभा होता, ओळख कशी नाही दाखवायची?