व्याह्यांची बोट

पुण्यात बोट विकत घेणाऱ्याला लोक वेडा समजतात, आणि असा एक वेडा माझ्या घरातच निघाला. माझा मेव्हणा! आयटीच्या पगारावर कोथरूडचा फ्लॅट झाला, आता त्याला पानशेतच्या पाण्यावर जुनी मोटरबोट हवी होती. ती जाणकाराकडून आधी तपासून घ्यावी की नाही, यावर आम्ही गाडीत रस्ताभर भांडलो.

बोट विकणारे गृहस्थ कडक इस्त्रीच्या शर्टात उभे होते. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. डॉक्टर छातीवर टकटक करतात तसे ते काठावर ओढलेल्या बोटीच्या बुडावर छत्रीच्या टोकाने टकटक करून ऐकत होते.

"तपासून घ्या," ते म्हणाले. "मी नव्हती घेतली."

"का हो?"

"व्याह्यांची होती ना! मुलीचा नुकताच साखरपुडा झालेला. तपासायला माणूस आणला असता, तर त्यांना अपमान वाटला असता. पहिल्याच फेरीत घोटाभर पाणी आत." त्यांनी रुमालाने छत्रीचं टोक पुसलं. "मुलाची चौकशीही त्याच भिडेपोटी केली नव्हती. मुलगी वर्षात परत आली. ही बोट मात्र जात नाही, कारण येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो."

मी हसायच्या बेतात होतो, ते राहिलं.

परतताना मेव्हण्याने गाडीतूनच मोबाइलवर मुंबईचा तपासनीस ठरवला. घाईतच, कारण संध्याकाळी त्याच्या लेकीला बघायला येणार होते. मुलगा अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये.

"त्या मुलाची चौकशी केलीस का रे?" मी विचारलं.

"काहीतरीच काय! एवढी मोठी माणसं. काय वाटेल त्यांना?"