तारेवरची लाल जर्सी

कोल्हापुरात माझ्या बहिणीच्या दारात, तारेवर एक लाल जर्सी वाळत होती, परदेशातल्या कुठल्याशा फुटबॉल क्लबची. माझ्या मुलाकडंही अशीच आहे. गेल्या रविवारी तो आणि माझा भाचा याच जर्स्या घालून आमच्या टीव्हीसमोर बसले होते. त्या क्लबनं गोल मारला तसे दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले.

काल मात्र आमच्या आणि बहिणीच्या पेठेतल्या तालमींचे फुटबॉल संघ मैदानात उतरले आणि हेच दोघं समोरासमोरच्या गर्दीत जाऊन बसले. आमच्याकडं ज्या पेठेत जन्म, तिचाच संघ. त्यात निवड नसते. सामना संपताना दगड आले. भाच्याचं कपाळ फुटलं.

ज्या गावाचं नाव धड उच्चारता येत नाही, त्याच्यासाठी आमची पोरं सख्खी होतात. दोन गल्ल्यांपलीकडचा भाऊ मात्र परका. पण बोलू कुणाला? मुलाला खांद्यावर बसवून दुसऱ्या पेठेला शिव्या घालायला मीच शिकवलं.

"दगड कुणी मारला, काही कळलं?" मी बहिणीला विचारलं.

ती जर्सीची बाही नुसतीच सरळ करत राहिली. "त्यानं बघितलंय, दादा. पण नाव सांगत नाही." मग हळूच म्हणाली, "जाताना मागच्या बोळानं जा."

घरी आलो. बहिणीकडं जाऊन आलोय, हे कुणालाच सांगितलं नव्हतं. चपला काढतोय तोवर मुलानं खाली बघतच विचारलं, "टाके किती पडले?"