तहकूब सभेला कोरम लागत नाही

कोरम सर वर्गात आले की आधी मुंडकी मोजायचे. खडू, हजेरी, "बसा" हे सगळं नंतर. मुलं निम्म्याहून कमी असली तर "कोरम नाही, सभा तहकूब" म्हणून दाराच्या पायरीवर जाऊन बसायचे. नागरिकशास्त्राचा तास शेवटचा, त्यामुळे पोरं हमखास उसात नाहीतर क्रिकेटला पळालेली. थोड्या वेळानं सर उठायचे आणि उरलेल्यांवर तास सुरू करायचे. "तहकूब सभेला कोरम लागत नाही," म्हणायचे आणि पहिला ठराव आमच्याकडून करून घ्यायचे: उद्या वर्ग कुणी झाडायचा. अर्थात पळालेल्यांनी. ती पोरं दुसऱ्या दिवशी तणतणत यायची. सर शांतपणे सांगायचे, "पळणाऱ्याच्या माघारी ठराव होतो, गड्या."

आमच्या शाळेत हा विषय म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाचं शेपूट. बाकीचे शिक्षक म्हणायचे, वाचून घ्या, मार्क मिळतात. सरांना त्याचा राग यायचा. "राजा कोण व्हावा हे तुमच्या खापरपणज्याला कुणी विचारलं नव्हतं. सरपंच कोण व्हावा हे तुम्हाला विचारणार आहेत. मग मोठा विषय कुठला?"

मी म्हणाले, "पर सर, परीक्षेत राजालाच मार्क जास्त हायेत."

"मग परीक्षा चुकीची आहे. तसा ठराव मांड."

मी मांडला. तो मंजूर झाला. मुख्याध्यापकांनी सरांना बोलावून घेतलं ते वेगळं.

दहावीत सरांनी आम्हाला ग्रामसभा बघायला नेलं. आमच्या गावात ग्रामसभा म्हणजे स्पीकरवर पुकारायचं, चार घरची माणसं जमवायची आणि चहा पिऊन उठायचं. त्या दिवशी विषय होता शाळेचं मैदान. ग्रामपंचायतीची जागा, रस्त्याला लागून, तिथं दुकानगाळे काढायचे होते. आमच्या खो-खोच्या खांबांवर सरपंचांचा डोळा होता. मी मागून उभी राहिले आणि विचारलं, "कोरम हाय का?"

सगळे हसले. सरपंच म्हणाले, "तुला मत तरी हाय का गं? बस खाली."

सर उठले. "तिला मत नाही, पण मोजता येतं."

मोजली तर माणसं भरेनात. सभा तहकूब झाली. आम्ही पोरं जिंकल्यासारखी ओरडत शाळेत आलो. सर मात्र पायरीवर बसलेले. "नाचता कशाला? तहकूब सभेला काय लागत नाही?" तेव्हा कुठं आमच्या डोक्यात उजेड पडला: पुढच्या सभेत सरपंच चार घरच्या माणसांवरच ठराव करून मोकळे होणार. मग प्रत्येकानं आपल्या आईला आणायचं ठरलं. तहकूब सभेला बायका भांगलणीतून तशाच आल्या, खुरपी हातात. माझी आई आयुष्यात पहिल्यांदा सभेत बोलली. "पोरींनी खेळायचं कुठं, तुमच्या वसरीत?" गाळ्यांचा ठराव पडला.

पुढच्या जूनमध्ये सरांची बदली झाली, पार जतच्या पलीकडं, कर्नाटकच्या हद्दीजवळ, आमच्याच शिक्षणसंस्थेच्या दुसऱ्या शाळेत. संस्थेत सरपंचांचे सोयरे-पाहुणे होते. शिक्षकांच्या खोलीतून कुणी तोंड उघडलं नाही. ते मी अजून विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. एसटीपाशी मी रडत म्हणाले, "सर, आमच्यामुळं झालं." सर म्हणाले, "तुमच्यामुळं मैदान राहिलं. बदली त्यांच्यामुळं झाली. दोन्ही एकात घालू नकोस."

आज मी लोणंदला कांद्याची व्यापारी आहे. बाजारात लय तोंडाळ म्हणून माझं नाव आहे, असू दे. समोरचा गप्प बसला म्हणजे सौदा मिटला असं धरायचं नाही, हे मी बाजारात नाही, त्या पायरीवर शिकले.

सर गेल्या वर्षी तिकडंच, जतकडं वारले. आमच्या बॅचच्या ग्रुपवर फुलं पडली, हात जोडले गेले. आणि आता त्या सरपंचांचा मुलगा, आजचा सरपंच, माझ्या वखारीत येऊन बसला. म्हणाला, "अक्का, मैदानावर गाळे काढतोय. सरांचं नाव देणार. कोपऱ्यावरचा गाळा तुमचा."

मी त्याला चहा पाजला. कोपऱ्यावरच्या एका गाळ्याचे दोन करून घेतले, वर पुढची मोकळी जागाही मागितली. तो सगळ्याला हो म्हणत गेला. मग सांगितलं, "एवढं द्यायला तयार हायस म्हंजे जागा लय मोलाची हाय. न्हाई द्यायची."

"अक्का, तुमी एकट्या काय करणार?"

परवाच्या सभेत कोरम भरला नाही. सरपंचाच्या माणसांनी मुद्दामच भरू दिला नाही, ते आता शहाणे झालेत. तहकूब सभा ठेवलीय नेमकी कांद्याच्या लिलावाच्या दिवशी, म्हणजे मी लोणंदला अडकेन असा त्यांचा अंदाज. त्या दिवशी माझी वखार बंद राहील; माझं मत अजून गावातच आहे. आईचे गुडघे गेलेत, तिला गाडीत घालून नेणार आहे. बायकांना निरोप गेलेत. येतील त्या येतील. आणि कुणीच आलं नाही तरी बिघडत नाही, आम्ही दोघी विरोधात हात वर करू. तहकूब सभेला कोरम लागत नाही.